जयंतीला रक्त न देणारा माणूस

शालिक,

काल चौदा एप्रिलची जयंती झाली. मिरवणूक झाली, खीर झाली, आणि विहारासमोरच्या रक्तदान शिबिरात एक बाटली कमी पडली. ती मी कमी पाडली. तू असतास तर तुझ्या जीपच्या बॉनेटवर बसून हसला असतास आणि पुढचे आठ दिवस दारव्हा-यवतमाळच्या प्रत्येक सवारीला ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली असतीस. पण तुला जाऊन तीन आठवडे झाले. म्हणून मीच तुला सांगायला बसलो आहे. लोक मेलेल्या मित्राला लिहितात ते दुःखानं. माझं दुःख आहेच, पण आज वही उघडली ती भीतीनं, हे आधीच कबूल करतो.

जितकावी जयंती, तितक्या बाटल्या. दरवर्षी एकीनं वाढणारा आकडा. ही टूम माझ्याच डोक्यातून निघाली, तुला ठाऊक आहे. शाळामास्तरला आकड्यांचा सोस फार. फळा लावायचा, त्यावर खडूनं आकडा वाढवत न्यायचा, आणि माइक माझ्या हातात. पहिल्या बाटलीचा मानही माझाच. मी बाही वर करून खाटेवर पडलो की मागून सगळी वस्ती, हमाल, गवंडी, कापूस तोलणारे, पोलीस, मास्तर, रांगेनं. आकडा पुरा झाला की ढोल वाजायचा. इतकी वर्षं एकदाही कमी पडला नव्हता.

आणि रांगेत कधीही नसलेला एकच माणूस, तू. शरबताच्या ड्रमपाशी उभा राहून रक्त देऊन आलेल्यांना ग्लास भरून द्यायचास. मी माइकवरून म्हणायचो, ‘दारव्ह्यात रक्त न देणारे दोघंच. एक डास अन् दुसरा आमचा शालिक.’ वस्ती पोट धरून हसायची. तूही हसायचास. बायकांच्या बाजूला कमलवहिनी मात्र पदर पुढं ओढून घ्यायची. एकदा तिनं आमच्या घरी तुझ्याबद्दल विचारलं होतं, ‘यायले सुईचं खरंच इतकं भ्या वाटते का वो?’ आमच्या हिनं विषय बदलला.

एका वर्षी मंडळाच्या सभेत तू उठलास. सभेत तू तोंड उघडत नसायचास, म्हणून सगळे वळून बघायला लागले.

‘मी काय म्हंतो,’ तू म्हणालास, ‘अर्ध्याईनं आता द्या अन् अर्ध्याईनं मे-जूनमंधी. सप्पा जिल्हा याच महिन्यात देते. रक्तपेढीत ठेवाले जागा राह्यत नाही. पस्तीस दिवसांवर ते टिकत नाही. अन् एकदा देल्लं का तीन महिने त्या मानसाचं घेत नाही. रक्त का लोनचं हाय, बरणीत भरलं अन् वर्सभर खाल्लं?’

लोक हसले. मी उठलो. मी उठलो की सभा माझी, असा तेव्हा माझा थाट होता. म्हणालो, ‘शालिक, तुले लोकं समजत नाही. दिवस राह्यते म्हून मानूस येते. ढोल राह्यते, बाजूले दोस्त राह्यते. मेच्या उन्हात एकटा मानूस यवतमाळले जाऊन दंड उघडा करन का? एकदा घरी गेलेला मानूस वापस येत नाही.’ इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण टाळ्या पडत होत्या, म्हणून आणखी म्हणालो, ‘अन् ज्यानं सुई पाह्यली नाही त्यानं आमाले रक्ताचं शास्त्र शिकवू नये.’

‘बरं बापा,’ तू म्हणालास आणि बसलास.

पुढं कितीदा तरी आपण यावरून भांडलो. तुझ्या जीपमध्ये, पानठेल्यावर, आमच्या ओसरीत. तू रक्ताचं सांगायचास आणि मी माणसांचं. आजही मला वाटतं की आपण दोघंही बरोबर होतो, आणि हीच यातली वाईट गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे. आमच्या प्रज्ञाचं पहिलं बाळंतपण, यवतमाळच्या दवाखान्यात. पोरीला लहानपणापासून सिकलसेल, तिचे सांधे धरायचे तेव्हा तुझीच जीप तिला घेऊन यवतमाळला जायची, तेव्हा तुला नवीन काही सांगत नाही. पण त्या दुपारी तू यायच्या आधी काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटत होती.

नात झाली आणि प्रज्ञाचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दोन बाटल्या लागतील, ओ पॉझिटिव्ह, आणि पेढीत या घडीला एकच आहे. मी धावत पेढीत गेलो. माझाही तोच गट. बाही वर करूनच आत शिरलो आणि म्हणालो, माझं घ्या. तिथल्या ताईंनी विचारलं, शेवटचं कधी दिलं?

‘झाले सहा महिने,’ मी म्हणालो.

पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, शालिक. आणि ते खोटं माझ्या तोंडून असं निघालं जसं रोजचंच असावं. ताईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

‘सर, चौदा तारखेले दारव्ह्याले माइकवर तुमीच होते न? पयली बाटली मीच घेतली तुमची.’

मग मी पायरीवर बसून फोन लावत सुटलो. एकेक नाव, जे मी माइकवरून पुकारलं होतं. ‘सर, जयंतीले देल्लं न.’ ‘सर, तुमच्याच मांगं नंबर होता मा.’ कुणी नाही म्हणत नव्हतं, सगळे हळहळत होते, आणि कुणाचाच उपयोग नव्हता. सगळी वस्ती एकाच दिवशी दानशूर झाली होती आणि आता सगळी वस्ती एकाच वेळी रिकामी होती. ते मी केलं होतं, फळा लावून, खडूनं लिहून.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर एक माणूस माझ्याकडं बघत होता. डोळे पिवळे, बोटं थरथरत. जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘काका, ओ पाह्यजे का? मी येतो तुमचा भाचा म्हून. पैशाचं समजून घ्या थोडं.’ त्याच्या अंगात काय आहे ते देवालाही ठाऊक नसेल, हे मला दिसत होतं. आणि मी हो म्हणालो. आत प्रज्ञा पांढरी पडत चालली होती. मी त्याला भाचा करून घेतलं.

तुझा नंबर मी शेवटी लावला. खरं तर लावणारच नव्हतो. सुईला भिणाऱ्या माणसाला कशाला अडचणीत टाका, असं तेव्हाही मनात आलं, इतका मी स्वतःच्याच थट्टेवर विश्वास ठेवून बसलो होतो. तू फक्त म्हणालास, ‘सवाऱ्या उतरवतो. आलोच.’

रिकामी जीप घेऊन आलास. त्या पिवळ्या डोळ्याच्या माणसाला चहा पाजलास आणि म्हणालास, ‘तू जा बापा, तुलेच लागन एखाद्या दिवशी.’ आणि पेढीत शिरलास. मी मागोमाग. ताईंनी तुझं नाव विचारलं नाही, कार्ड विचारलं नाही. खुर्ची पुढं सरकवत म्हणाल्या, ‘या शालिकभाऊ. औंदा उशीर केला?’

मी दारात उभा राहिलो. तुझाही गट ओ पॉझिटिव्हच, हे मला तिथंच कळलं.

नंतर तू व्हरांड्यात बिस्किटं खात बसला होतास. मी म्हणालो, ‘बे शालिक, तू तं भेतो म्हंते न सुईले.’

‘भेतो तं भेतोच,’ तू म्हणालास. ‘सुईले नाही भेत. या महिन्याले भेतो. इतके वर्सं गाडी चालवून राह्यलो, मेमंधी या पायरीवर बसलेले लोकं पाह्यले मी. म्हून आपलं एकाचं तरी ठेवतो शिल्लक.’

‘मंग सांगत काहून नाही? मी तिकडं माइकवर तुले डास म्हंतो.’

‘सांगतलं तं तू मले बी एप्रिलात खाटीवर झोपवशीन. तुले तं आकडा पुरा कराचा राह्यते.’ आणि पुडीतलं शेवटचं बिस्किट मला देत म्हणालास, ‘कोनाले सांगजो नोको, मास्तर.’

प्रज्ञा वाचली. नातीला तू लाडानं ‘बाटली’ म्हणायला लागलास. ती तुझ्या जीपचा हॉर्न ओळखून दाराशी पळत यायची. आता तो हॉर्न तुझा पुतण्या वाजवतो आणि ती अजून पळत जाते.

तू सांगू नको म्हणालास, ही मला मोठी सोय झाली. मी कुणाला सांगितलं नाही, आणि ते तुझ्या शब्दाखातर नाही. सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं की माझ्या आकड्यानं माझीच पोर मारत आणली होती. गेल्या वर्षीच्या जयंतीला माइक हातात आला, गर्दी समोर होती, आणि जिभेला वळणच तसं पडलेलं. ‘एक डास अन् दुसरा आमचा शालिक.’ बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तू ड्रमपाशी होतास. माझ्याकडं पाहून हसलास आणि पुढच्या माणसाचा ग्लास भरलास. त्या हसण्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मी तुझी माफी मागितली नाही. एक वर्ष हातात होतं आणि रोज तू स्टँडवर भेटत होतास.

फाल्गुनात तुला सांगितलं, प्रज्ञाला पुन्हा दिवस गेले आहेत, मेच्या मध्याची तारीख दिली आहे, डॉक्टरीणबाई आत्तापासूनच म्हणतात की दोन बाटल्यांची सोय करून ठेवा. तू टायर बदलत होतास. मान वर न करता म्हणालास, ‘मंग? मी हाओ न.’ मी घरी आलो, जेवलो, आणि दुपारची अशी गाढ झोप लागली की हिनं चहाला हलवून उठवलं.

त्याला पंधरा दिवस झाले नसतील. स्टँडवर एक सवारी कमी होती म्हणून तू थांबला होतास. स्टिअरिंगवर डोकं टेकवलेलं पाहून लोकांना वाटलं, शालिकभाऊ डुलकी काढत आहेत.

बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगतो. तुझा चेहरा नाही आला. कमलवहिनी नाही आली. मे महिना आला. पन्नास वर्षांचा दोस्त गेला आणि मी मनात बाटल्या मोजत होतो. रडू आलं ते नंतर, तुझ्या अंगणात चपला काढताना. त्या रडण्यात तुझ्यासाठी किती होतं आणि भीतीनं किती, हे मला आजही सांगता यायचं नाही.

तुझा जलदानविधी झाला आणि चार दिवसांनी जयंतीची सभा बसली. ठरवून गेलो होतो की या वेळी तुझं म्हणणं मी मांडायचं. उठलो, म्हणालो, यंदा अर्धे लोक मागं ठेवू, आकड्याचा हट्ट सोडू. आपला सचिव विश्वास, माझाच विद्यार्थी, फार आदरानं म्हणाला, ‘सर, तुमीच तं शिकवलं आमाले. दिवस राह्यते म्हून मानूस येते. एकदा घरी गेलेला मानूस वापस येत नाही.’ शब्दन् शब्द पाठ होता पोराला. तुझ्याशी भांडताना मी इतकी वर्षं तो मुद्दा घासून धारदार केला होता, आता तो माझ्याच मानेवर आला. माझी तब्येत बरी नाही म्हणून यंदा माइक विश्वासकडं द्या, एवढं बोलून मी बसलो.

तेव्हा ठरवलं, निदान एक तरी माणूस शिल्लक ठेवायचा.

काल सकाळपासून मी शरबताच्या ड्रमपाशी उभा होतो. पहिली बाटली विश्वासनं दिली. लोक ग्लास घेताना माझ्या दंडाकडं बघायचे, पट्टी कुठं आहे म्हणून. ‘बीपी आहे,’ मी सांगत होतो. तेही खोटंच. खरं तर त्या बीपीचीच मला धास्ती आहे. दर दोन दिवसांनी दवाखान्यात जाऊन दंडाला पट्टा बांधून घेतो. लोणचं सोडलं, पापड सोडला, गूळ-शेंगदाणे खातो. साठीला टेकलेल्या माणसाचं रक्त ऐन वेळी नाकारलं तर काय, या विचारानं बीपी वाढतं, आणि वाढलं की आणखी विचार येतो.

चार वाजता फळ्यावर एक बाटली उरली. आणि रांगेतून कमलवहिनी पुढं आली. पांढरं लुगडं. विश्वासनं माइकवर सांगितलं, शेवटची बाटली शालिकभाऊंच्या नावानं त्यांच्या घरच्याच देत आहेत. टाळ्या पडल्या. तुझ्यावरचा डाग धुवायला आली होती ती. मी मान खाली घालून ग्लास भरत राहिलो.

ताईंनी तिचं बोट टोचलं, पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘मावशी, तुमचंच रक्त कमी हाय. साडेबाराच्या वर लागते, तुमचं नऊ बी नाही.’

वहिनी उठली. मग तिनं मांडवभर नजर फिरवली आणि तिला मी दिसलो. सगळ्यांदेखत माझ्यापाशी आली. ‘भाऊजी, तुमी राह्यले न द्याचे? त्यायच्या नावानं तुमी द्या. लोकं त्यायले डास म्हनत होते. आज तरी पुसून टाका.’

माइकवरून विश्वास म्हणत होता, या सर, या. ढोलवाले उभे राहिले. शालिक, बाही वर करून दोन पावलं टाकली असती की सगळं गोड झालं असतं. तुझं नाव, वहिनीचा मान, माझा आकडा. माझा हात बाहीकडं गेलासुद्धा. आणि मला ती पायरी दिसली, ते पिवळे डोळे दिसले.

‘वयनी, मी नाही देत,’ मी म्हणालो.

मागून कुणीतरी म्हणालं, ‘मास्तर बी भेले वाटते,’ आणि दोघं-तिघं हसले. वहिनी माझ्याकडं बघत होती. मग मी तिला सांगितलं, तिथंच, ड्रमपाशी, सगळं. पायरी, खोटं, फोन, तुझी रिकामी जीप, दर मे महिन्याला तुझ्यासाठी सरकवली जाणारी खुर्ची. पेढीच्या ताई ऐकत होत्या, त्यांनी मान हलवली. माझा आवाज चढत गेला असावा, कारण विश्वासनं माइक खाली ठेवला होता.

वहिनी रडली नाही. मग म्हणाली, ‘म्हंजे दोन वर्सापासून तुमाले ठाऊक होतं.’

‘हो.’

‘अन् मांगच्या जयंतीले बी तुमीच बोलले होते.’

मी हो म्हणालो. ती पदर सावरून घरी गेली. आज सकाळी मी तुझ्या घरी गेलो तर तिनं चहा दिला, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानं प्यालो. बरोबरच केलं तिनं.

फळ्यावरचा आकडा एकानं कमीच राहिला. ढोल वाजला नाही. लोक खिरीकडं गेले. तुझ्या स्टँडवरचे दोघं ड्रायव्हर, सकाळपासून फेऱ्यांवर असल्यामुळं रक्त द्यायचे राहिले होते, ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘मास्तर, आमी बी थांबतो. मेमंधी आवाज द्या.’ मी त्यांची नावं घेतली, नंबर घेतले. एकाचा गट ओ आहे. दुसऱ्याला आपला गट माहीत नाही. ते येतील का, शालिक? एकदा घरी गेलेला माणूस परत येत नाही, हे मीच लोकांना पटवलं आहे. तुझा मुद्दा खरा ठरला तेव्हा पोर मरता मरता राहिली. आता माझा मुद्दा खरा ठरू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो आहे. महिनाभर असंच बसायचं आहे.

काल मांडवातून घरी आलो तर प्रज्ञा पंख्याखाली पाय लांब करून बसली होती. पायांना सूज आहे. ‘बाटली’ तिच्या पोटाला कान लावून काहीतरी ऐकत होती.

‘बाबा, औंदा पयली बाटली तुमचीच का?’ प्रज्ञानं विचारलं.

‘नाही. देल्लं नाही मी.’

‘काहून? भेले का?’ तिनं हसून विचारलं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘भेलो.’

तिचं हसू गेलं. तारीख तिलाही पाठ आहे. ती माझ्याकडं बघत राहिली, लहानपणी सांधे दुखायला लागले की बघायची तशी. मग मी तुझंच वाक्य उचललं. ‘मी हाओ न,’ म्हणालो. तिनं मान हलवली आणि थोड्या वेळानं तिथंच भिंतीला टेकून तिला झोप लागली. मलाही फाल्गुनात अशीच लागली होती. ऐकणाऱ्याला लागते. म्हणणाऱ्याला लागत नाही, हे मला काल कळलं. इतकी वर्षं तू ते म्हणत होतास आणि मी तुला भित्रा म्हणत होतो.